‘सातपूर’ : नवीन निकाल एक

नारिंगी चौकोन. आत एक ठिपका आणि दोन कमानी, पांढऱ्या.

*

सटाण्याचा काळा मसाला कुरिअरने मागवता येतो का? इकडच्या भाजीला वासच नाही.

*

कँटीनच्या पोह्यात शेंगदाणे यायचे बंद झाले.

*

टेप घेऊन आलेल्या माणसाने प्रेसशॉपमधल्या चार मशीन चारी बाजूंनी मोजल्या. कुणी विचारलं तर म्हणाला, रंग द्यायचाय. रंग आला नाही.

*

शोध: सातपूर. निकाल: भाड्याने गाळा. हरवलेलं मांजर. एका बाईची कविता, तिच्यात सातपूरचा फक्त बसस्टॉप.

*

कराराचा मसुदा, कलम १४ (क). कामकाजाच्या गरजेनुसार यंत्रसामग्री कंपनीच्या कोणत्याही युनिटमध्ये हलवण्याचा अधिकार व्यवस्थापनाकडे राहील.

*

“आमचाच माणूस दिसतो.”

*

२००७ची दिवाळी नुकतीच झाली होती. सुवर्णा आहेर नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीलगत, अशोकनगरच्या सायबर कॅफेत काउंटर सांभाळायची. सहा कॉम्प्युटर, त्यातले पाच चालू. पोरं येऊन भरतीच्या जाहिराती शोधायची. रोज त्याच साइट, रोज तेच हताश स्क्रोल. तिनं मग त्यांच्यासाठी एक रीडर लावून ठेवला. साइटवर तो फीडचा नारिंगी चौकोन दिसला की त्याचा पत्ता उचलायचा आणि रीडरमध्ये टाकायचा. नंतर साइटकडे जायचं कामच नाही. नवीन काही आलं की ते आपणहून इथं येऊन पडतं, ठळक अक्षरांत. वाचलं की ठळकपणा जातो.

पहिली शिफ्ट सुटल्यावर तिचे वडील, मल्हारी, डब्याची पिशवी घेऊन कॅफेत आले. ते वेदांगी प्रेस पार्ट्समध्ये, पत्रा दाबून पार्ट काढायच्या प्रेसवर, ऑपरेटर होते आणि युनियनच्या कमिटीवर होते. कॅफेत ते सहसा येत नसत. आले तरी दारात उभे राहत. आज खुर्ची ओढून बसले.

“कंपनीविषयी काही छापून आलं तर तुझ्या त्या ह्याच्यात येईल का?”

“कुठे छापून?”

“कुठंपण. साहेब म्हणतो ऑर्डर नाय. पोह्यातले शेंगदाणे बंद केले. आणि इकडं तीन वर्षांच्या करारावर सही करा म्हणून मागं लागलाय, पगारवाढ देतो म्हणतो. ज्याला ऑर्डर नाय तो वाढ कशाला देईल?”

सुवर्णाने कंपनीचं नाव बातम्यांच्या शोधात टाकलं, मग ब्लॉग सर्चमध्ये टाकलं. एकदा मराठीत, एकदा इंग्रजीत. शोधाच्याही पानावर नारिंगी चौकोन होता. तोही उचलून रीडरमध्ये टाकला.

“आता कुणीही, कुठेही हे नाव लिहिलं की इथं येईल.”

“म्हणजे पेपरवाला. पण फक्त आपल्या घरचीच बातमी टाकणारा.”

“हो. पण बातमी असली तर.”

बातमी नव्हती. कंपनीचं नाव जगात कुणीच घेत नव्हतं. सुवर्णाला याचंच नवल वाटायला लागलं. एवढी मोठी शेड, तीन शिफ्ट, गेटबाहेर टपऱ्या, आणि नाव कुठेच नाही, जसं कुणी मुद्दाम पुसत चाललंय. मग तिनं कंपनी सोडली आणि नुसतं गावाचं नाव टाकलं.

शोध: सातपूर.

गाळा, मांजर, कविता. आणि काही दिवसांनी:

*

तराईतून — एका नाशिककराचा ब्लॉग

थंडी सुरू झाली. इथं उत्तराखंडात, रुद्रपूरला, वांगी मिळतात, पण भरताची नव्हेत. गॅसवर भाजून पाहिली. काळा मसालाही संपलाय. सटाण्याचा काळा मसाला कुरिअरने मागवता येतो का? इकडच्या भाजीला वासच नाही. बरी बातमी एकच. पुढच्या महिन्यात सातपूरहून चार प्रेस येतायत. मशीन का असेनात, गावाकडचं कुणीतरी येतंय. सोबत फिटर येतील, त्यांच्याशी मराठीत बोलता येईल.

*

मल्हारींनी ओठ हलवत वाचलं. परत वाचलं. मग धनराजला बोलावून आणलं.

धनराज भामरे युनियनचा सेक्रेटरी. मूळचा सटाण्याजवळच्या नामपूरचा. मल्हारीही बागलाणातलेच, त्यामुळे दोघं एकमेकांशी गावाकडची अहिराणी बोलायचे आणि तिसरा आला की बदलायचे. सुवर्णाला तिसरं कुणी धरत नसत.

“चार प्रेस. आपल्याच शे का?” मल्हारींनी विचारलं.

“सातपूरमा काय फक्त आपल्याकडेच प्रेस शे?”

“टेपवाल्याने किती मोजल्या?”

धनराज पुन्हा स्क्रीनकडे वळला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर, या बातमीला न शोभणारा, एक आनंद होता.

“सटाण्याचा मसाला मागतो. आमचाच माणूस दिसतो. कोणत्या गावचा असेल गं?”

“नाव, गाव काहीच नाही, काका.”

“आणि हे खाली काय?”

“कमेंट. लोक वाचून काहीबाही लिहितात. इथं कुणी लिहिलेलं नाही.”

दुसऱ्या दिवशी गेटवर केरूला सांगितलं. केरू पेठ तालुक्याकडचा, कमिटीतला सगळ्यात जुना माणूस. कुणी ‘पाऊस आला’ म्हटलं तरी खिडकीबाहेर हात काढून बघणारा. त्याने ऐकून घेतलं आणि “रविवारी बैठकीत बघू” एवढंच म्हणाला.

म्हणजे चौघांना माहीत होतं. सुवर्णा, मल्हारी, धनराज, केरू.

रविवारच्या आत तो ब्लॉग नाहीसा झाला.

*

हे पान अस्तित्वात नाही.

*

संशय, सुवर्णाचा: केरूकाका. त्यांच्या मुलाला मागच्या वर्षी ट्रेनी म्हणून घेतलं. ज्या कंपनीला ऑर्डर नाही तिने ट्रेनी कशाला घेतला?

संशय, मल्हारींचा: धनराज. त्याला दोन वेळा साहेबाच्या केबिनमधून चहा पिऊन बाहेर येताना पाहिलं. दोस्त आहे म्हणून तोंडावर बोलवत नाही. जेवताना भाकरी तोडतात आणि खात नाहीत.

संशय, सुवर्णाच्या आईचा, भाजी निवडताना: “तो ब्लॉगवाला तरी खरा कशावरून? तुम्ही बघताय हे कळूनच कुणीतरी लिहिलं असेल. करार मोडावा म्हणून.”

संशय, केरूचा: तो रविवारी कळला.

*

बैठक श्रमिकनगरच्या मारुती मंदिरामागच्या खोलीत. सुवर्णाने पानाची प्रिंट नेली होती. प्रिंट हातोहात फिरली आणि केरूपाशी थांबली.

“हे असं मीपण आणतो टाईप करून,” केरू म्हणाला. “केरूला मॅनेजर केलंय, उद्यापासून कोट घालून येणार.”

“केरूकाका, हे ब्लॉगवरचं आहे.”

“मग दाखव ना ब्लॉग.”

सगळे कॅफेत आले. सातजण एका कॉम्प्युटरमागे. सुवर्णाने पत्ता टाकला. हे पान अस्तित्वात नाही. मग तिने रीडर उघडला. तिथे ते होतंच: थंडी, वांगी, चार प्रेस.

“त्याने त्याच्याकडचं पुसलं,” ती म्हणाली. “पण इकडे एकदा आलेलं परत जात नाही. त्याने पुसलं तरी माझ्याकडे राहतं.”

“तुझ्या डब्यात हाय, त्याच्या दुकानात नाय. मग वस्तू कुणाची?” केरू म्हणाला.

कुणीतरी हसलं. सुवर्णा खुर्चीतच मागे वळली.

“मी कशाला बनवीन?”

“तू नाय गं. पण बापाला करार नको हाय, हे सगळ्या शॉपला माहीत हाय. चौदा-क, चौदा-क करत फिरतो. लेकीला कॉम्प्युटर येतो. आता मी काय म्हणू?”

मल्हारी धनराजकडे वळले. “तू तर वाचलं होतंस. इथंच, याच खुर्चीत.”

धनराज पंख्याच्या रेग्युलेटरकडे बघत होता. पंखा बंद होता.

“वाचलं… चष्मा नव्हता माझ्याकडे.”

चष्मा होता. सुवर्णाला आठवत होतं. त्याने तो शर्टाच्या टोकाने पुसला होता आणि स्क्रीनला नाक लावलं होतं. ती बोलणार होती, पण मल्हारींनी हाताने थांबवलं. त्यांचा चेहरा शांत झाला होता, ज्याला जे बघायचं होतं ते दिसलं अशा माणसासारखा.

ठरलं: आधी साहेबाला तोंडी विचारायचं. विचारलं. साहेब म्हणाला, अफवा आहे, कुठली साइट, दाखवा. मग ठरलं: बुधवारी सही.

*

घरी.

“धनराज विकला गेला.”

“बाबा, चहा पिला म्हणून?”

“चष्मा नव्हता म्हणाला म्हणून.”

*

मंगळवारी दुपारी कॅफे रिकामा होता. सुवर्णा रीडरमधलं सगळं ‘सातपूर’ काढून टाकायला बसली. कंपनीचं नाव काढलं. शोध काढला. ‘तराईतून’वर आली आणि थबकली. खाली आणखी एक ‘तराईतून’ होतं. तिला सवय होती. ब्लॉगला बऱ्याचदा दोन चौकोन असतात, एक लेखांचा आणि एक कमेंटचा, आणि ती न बघता दोन्ही उचलायची. भरतीच्या साइटवर कमेंटमध्येच खरी माहिती असते. पण इथं कमेंटच नव्हत्या म्हणून तिनं ते परत कधी उघडलं नव्हतं.

आता ते नाव ठळक होतं. शेजारी कंसात १.

इंग्रजी अक्षरांत, पण मराठी:

*

रामराम. मी धनराज पंडित भामरे, मु. पो. नामपूर, ता. बागलाण, हल्ली मुक्काम सातपूर, वेदांगी प्रेस पार्ट्स, सेक्रेटरी कामगार युनियन. आपण आमच्याकडचे दिसता. आडनाव काय, गाव कोणतं, कोणाच्या घरचे? मसाल्याची काळजी करू नये. सौ. दरवर्षी करते, एक किलो पाठवतो. पत्ता कळवावा. प्रेस इकडून कोणत्या तारखेला निघणार तेही कळवावं म्हणजे मसाला त्याच गाडीत देता येईल. जेवायला कधीही घरी या. आपला, धनराज.

*

खाली मोबाईल नंबरही होता.

ती हसली. मग तिचं हसू मध्येच थांबलं. साधं वाटतंय म्हणून ते साधं असेलच असं नाही. ‘सेक्रेटरी कामगार युनियन’ असं लिहिल्यावर कुणीही सावध होईल. कुणाला सावध करायचं असेल तर याहून सोपा मार्ग नाही, आणि वर तो निरागस दिसतो. मसाल्याच्या नावाखाली तारीख विचारलीय. ती तारीख कुणासाठी?

तिने प्रिंट काढली. धनराज संध्याकाळी दूध घ्यायला चौकात येतो हे तिला माहीत होतं.

“काका, मसाला पाठवला का?”

धनराजने दुधाची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. कागद घेतला नाही. दुरूनच बघितला.

“हे तर पुसलं होतं त्याने.”

“तुम्ही परत जाऊन बघितलंत?”

“भाच्याच्या कॉम्प्युटरवर लिहिलं होतं. उत्तर आलं का बघायला गेलो तर पानच नाय. घाबरलो. मग वाटलं, सुटलो. पान गेलं म्हणजे माझंही गेलं.”

“बाबांना वाटतंय तुम्ही साहेबाचे झालात.”

“आणि तुला?”

“कालपर्यंत मला केरूकाका वाटत होते.”

“आज?”

सुवर्णाने कागद त्याच्यापुढे धरला. धनराजने मान हलवली, जसं काही तिनं उत्तर दिलं.

“गाव विचारलं गं. एवढ्या लांब आपला माणूस मसाल्यावाचून बसलाय. कुणाच्या घरचा, विचारायचं नाय?”

“आणि सेक्रेटरी कशाला लिहिलंत?”

“मी लग्नाच्या आहेरावरपण लिहितो.”

“चहा कसला पीत होता केबिनमध्ये?”

“साहेब बोलावतो. बसा म्हणतो, घ्या म्हणतो. कराराचं काय झालं विचारतो. नाय म्हणायला मला जमत नाय. तेवढंच.” तो थांबला. “हे तू उद्या दाखवणार.”

“मी दाखवलं तर परत म्हणतील पोरीने बनवलं. तुम्ही वाचा.”

“मी वाचलं तर म्हणतील धनराजने पळवलं त्याला.”

“पळवलंतच ना.”

एक रिक्षा दोघांच्या मधून गेली. ती गेल्यावर धनराज म्हणाला, “कागद दे इकडं.” त्याने तो दुमडून खिशात ठेवला. घरी जाताना सुवर्णाला वाटलं, तिनं चूक केली, कागद आता चुलीत जाणार. मग आठवलं, रीडरमध्ये आहे. मग वाटलं, नुसत्या तिच्या रीडरमध्ये असण्याला काय किंमत आहे ते रविवारी बघितलंय.

*

बुधवार. तीच खोली. कराराचे कागद सतरंजीवर. केरूने पेनाचं टोपण काढून ठेवलं होतं. सुवर्णा दाराशी उभी होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

“सेक्रेटरीची सही आधी,” केरू म्हणाला.

धनराजने खिशातून कागद काढला. आज चष्मा होता. त्याने घसा साफ केला आणि मोठ्याने वाचायला लागला. “रामराम. मी धनराज पंडित भामरे, मु. पो. नामपूर…”

पहिल्या ओळीला कुणाला काही कळलं नाही. ‘कोणाच्या घरचे’पर्यंत आल्यावर मागच्या बाजूला कुणाला तरी खोकला आला. ‘एक किलो पाठवतो’ला हसू दाबलेलं होतं. ‘मसाला त्याच गाडीत देता येईल’ला ते सुटलं. सगळी खोली हसली. धनराज मात्र तसाच, आवाज न बदलता, मोबाईल नंबरापर्यंत वाचत गेला.

“हे त्या ब्लॉगवर लिहिलं होतं मी. म्हणून त्याने पुसलं.”

केरूने कागद ओढून घेतला. उलटा करून बघितला, सरळ करून बघितला.

“ही पोरगी कितीबी शिकली ना, हे तिला लिहिता यायचं नाय,” तो म्हणाला. “हे धनराजचंच हाय. माझ्या पोरीच्या लग्नात यानं आहेराच्या पाकिटावर अर्धा सातबारा लिहिला होता.”

पुन्हा हसू. मग केरूचं हसू ओसरलं. तो हळूच म्हणाला, “म्हंजी ब्लॉग खरा होता.”

“खरा होता,” मल्हारी म्हणाले.

“म्हंजी गाडी खरी हाय.”

केरूने पेनाचं टोपण उचलून परत लावलं. त्याचा आवाज खोलीभर ऐकू आला. दाराशी उभ्या सुवर्णाला पहिल्यांदा श्वास मोकळा झाल्यासारखं वाटलं. तेवढ्यात केरूने मान वर केली.

“एक सांग, धनराज. तुला तारीख कशाला पाहिजे होती?”

“मसाल्यासाठी.”

“मसाल्यासाठी.” केरूने तो शब्द सगळ्यांकडे फिरवून दाखवला. “रविवारी इथंच बसला होतास. पोरीला मी नाय नाय ते बोललो. तेव्हा का गप्प?”

“लाज वाटली.”

“का साहेबाचा चहा घशात होता?”

मल्हारी मध्ये पडले नाहीत. सुवर्णाने वडिलांकडे बघितलं. तिला वाटलं होतं कागद वाचला की त्यांच्या कपाळावरची आठी जाईल. ती तशीच होती.

धनराजने सेक्रेटरीपद तिथंच सोडलं. कुणी ‘राहू दे’ म्हणालं नाही. ठराव झाला: चौदा-क काढल्याशिवाय सही नाही. तोपर्यंत एकही मशीन हलू द्यायची नाही. गेटवर आळीपाळीने दोघं बसतील. केरूनेच पहिली पाळी मागून घेतली, आणि जाताना सुवर्णाला म्हणाला, “तुझ्या त्या डब्यात अजून काय काय येतं गं? माझ्या पोराचं नाव टाकून बघशील का? त्याला ट्रेनी म्हणून लय लवकर घेतला, माझ्याच डोक्यात किडा हाय.”

*

गुरुवारी कमिटी साहेबाकडे गेली. भांडणाची तयारी करून गेली होती. केरूने तर वाक्यं पाठ केली होती.

साहेबाने ऐकून घेतलं. सगळ्यांना बसवलं. मग करार पुढे ओढला, स्वतःच्या पेनाने कलम १४ (क)वर आडवी रेघ मारली, बाजूला सही केली. कुणाला फोन केला नाही, कुणाला विचारलं नाही.

“तुमच्या मनात शंका नको,” तो म्हणाला. “चहा घेणार?”

त्यांनी चहा घेतला नाही. सह्या झाल्या. शॉपमध्ये पेढे वाटले. पोह्यात शेंगदाणे आले. संध्याकाळी मल्हारी कॅफेत आले तेव्हा हातात पेढ्याचा पुडा होता. त्यांनी तो काउंटरवर ठेवला आणि सरळ त्या कॉम्प्युटरकडे गेले.

“जिंकलो ना बाबा?”

“लय लवकर कापलं त्यानं.”

“म्हणजे?”

“ज्याची गरज असते ते माणूस असं कापतो का?” ते खुर्चीत बसले. “तो शोध परत लाव. सातपूर. आणि ते दुसरं गावपण लाव, रुद्रपूर. काही आलं का बघ.”

तिने लावलं. दोन चौकोन उचलले, सातपूरचा आणि रुद्रपूरचा. रीडर भरला आणि थांबला. ठळक काहीच नव्हतं. तरी मल्हारी बघत राहिले. बाहेर धनराज दुधाची पिशवी घेऊन चौकातून गेला. त्याने कॅफेकडे बघितलं नाही. मल्हारींनी बघितलं, पण हाक मारली नाही.

“आलं?”

“नाही, बाबा.”

“परत बघ.”

*

त्या वर्षीच्या मार्चमध्येच चारही प्रेस रुद्रपूरच्या एका वेगळ्या नावाच्या कंपनीला कागदोपत्री विकल्या गेल्या होत्या; त्या हलवायला कलम १४ (क) लागतच नव्हतं.